नदीतळाचे मजूर आणि हवेचा दाब
(केसन-व्याधीच्या इतिहासाचा एक अभ्यास)

डोहात बुडी मारून तळाची माती मुठीत आणण्याची पैज ज्याने लहानपणी लावली असेल, त्याला पाण्याचा दाब म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. दीड-दोन पुरुष खोल गेले की कानात कळ उठते, डोके आवळल्यासारखे होते आणि वर येताच सारे नाहीसे होते. आम्ही पोहणे नदीच्या डोहातच शिकलो. गावच्या विहिरीत उतरण्याचा विचार आमच्या वस्तीतील मुलांच्या मनात येत नसे. तो का येत नसे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते मात्र एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. इतिहासाच्या तासाला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे चित्र दाखवत असताना त्याने विचारले, "सर, एवढा मोठा खांब वाहत्या पाण्यात बांधला कसा? पाणी कुठे गेले?" पुलाचा आराखडा कोणाचा, पूल केव्हा खुला झाला, तो किती लांब, ही उत्तरे आमच्यापाशी होती. पाणी कुठे गेले, याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा स्थापत्यशास्त्राच्या पाठोपाठ वैद्यकशास्त्रात आणि तेथून मजुरांच्या इतिहासात शिरावे लागले.

प्रथम शरीराविषयी थोडे. समुद्रसपाटीवर आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोग्रॅम वजनाइतका हवेचा दाब असतो. तो सर्व बाजूंनी आणि आतूनही सारखाच असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. पाण्यात दर दहा मीटर खोलीला तेवढाच दाब आणखी वाढतो. शरीराचा बहुतांश भाग द्रवरूप व घन असल्याने तो या दाबाने दबत नाही; दबते ती पोकळ्यांतील हवा. कानाच्या पडद्यामागील पोकळी, नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या, फुप्फुसे, क्वचित किडलेल्या दातातील पोकळी, या जागी बाहेरच्या आणि आतल्या दाबात तफावत पडली की पडदा ताणला जातो, रक्तवाहिन्या फुटतात. ही झाली दाबजन्य इजा, म्हणजेच बॅरोट्रॉमा. विमान उतरताना तान्हे मूल रडते, त्यामागेही बहुधा हेच कारण असते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. दाबाखालील हवा श्वासातून घेतली की तिच्यातील नायट्रोजन रक्तात आणि चरबीत नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात विरघळतो. जितका दाब जास्त आणि जितका वेळ जास्त, तितका तो अधिक मुरतो. तो असेपर्यंत माणसाला काहीही त्रास नसतो. दाब एकदम उतरला की सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर जे होते तेच शरीरात होते. बुडबुडे सांध्यांत सापडले तर असह्य वेदना. मज्जारज्जूत सापडले तर पाय लुळे. फुप्फुसांकडे वा मेंदूकडे गेले तर मृत्यू. या व्याधीचा इतिहास मुख्यतः पुलांच्या पायाशी आणि नद्यांखालील भुयारांत घडला.

आता पाण्याच्या प्रश्नाकडे. पेला उलटा करून सरळ पाण्यात दाबला तर आतली हवा पाण्याला पूर्ण वर येऊ देत नाही. केसन म्हणजे असाच एक प्रचंड उलटा पेला : लाकडाची किंवा लोखंडाची, तळ नसलेली पेटी. ती नदीत सोडायची, वरून यंत्राने हवा कोंबून पाणी बाहेर ढकलायचे, आत मजूर उतरवून नदीतळाची वाळू-माती खोदायची आणि पेटीच्या छतावर दगडी बांधकाम चढवत जायचे. वरच्या वजनाने आणि खालच्या खोदाईने पेटी खाली खाली रुतत जाते. शेवटी ती काँक्रीटने भरून टाकली की तीच खांबाचा पाया होते. आत-बाहेर जाण्यासाठी दोन दारांची एक खोली असते, तिला एअर लॉक म्हणतात. एक दार बंद झाल्यावरच दुसरे उघडते. मजुराचे आयुष्य पुढे या खोलीतील मिनिटांवर अवलंबून राहिले.

ही युक्ती प्रत्यक्षात आणली फ्रान्समधील अभियंता त्रिजे याने, १८४० च्या सुमारास, ल्वार नदीच्या वाळूखालील कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी. सात तास दाबात राहून बाहेर आलेल्या दोन मजुरांचे सांधे दुखू लागल्याचे त्याने १८४१ मध्येच नोंदवले. पुढे १८५४ मध्ये पोल आणि वातेल या दोन फ्रेंच वैद्यांनी खाणीतील अशाच मजुरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. दाबात शिरण्यात धोका नाही, बाहेर पडताना त्याची किंमत मोजावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. इतकेच नव्हे, वेदना होणाऱ्याला पुन्हा दाबात नेले तर आराम पडतो, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणजे निदानाचे सूत्र आणि उपचाराचे सूत्र दोन्ही १८५४ मध्ये छापून झाली होती. यानंतर घडलेले मृत्यू वाचताना हे साल विसरू नये, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स या अभियंत्याने पूल बांधायला घेतला. १८७० च्या प्रारंभी त्याचा पूर्वेकडील केसन नव्वद फुटांहून खोल गेला. साठ फुटांपलीकडे मजुरांना पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, चाल वाकडी होऊ लागली. सुरुवातीला तो थट्टेचा विषय झाला. त्या काळी उच्चभ्रू स्त्रियांत कमरेतून पुढे झुकून चालण्याची एक फॅशन होती, तिला 'ग्रीशियन बेंड' म्हणत. वाकून चालणाऱ्या मजुराला सोबती त्याच नावाने चिडवू लागले आणि 'बेंड्स' हे या व्याधीचे नाव आजतागायत टिकले. मार्च १८७० मध्ये एक मजूर बाहेर आला, आपल्याला बरे वाटते असे म्हणाला आणि पाव तासात कोसळून मरण पावला. त्यानंतर थट्टा थांबली. त्या पुलाच्या कामात डझनाहून अधिक मजूर या व्याधीने मेले.

उपाय काय झाले? मजुरांना जस्त आणि चांदीच्या पट्ट्या मनगटांवर, घोट्यांवर बांधायला दिल्या गेल्या. घाम आणि धातू यांच्या संयोगाने वीज निर्माण होऊन रोग टळतो, अशी समजूत होती आणि मुकादमही ती मानत. गंडेदोरे केवळ आपल्याकडेच बांधतात असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. ईड्सने नेमलेले डॉक्टर जॅमिने हे प्रामाणिक गृहस्थ होते. ते स्वतः पावणेतीन तास तळाशी राहिले आणि साडेतीन मिनिटांत दाबातून बाहेर आले. घरी पोहोचताच त्यांचे हातपाय लुळे पडले. दैवाने ते वाचले. अतिश्रम हे रोगाचे कारण मानून पाळ्या लहान करण्यात आल्या, अखेरीस एकेका तासाच्या. हेतू चांगला होता. पण दिवसातून अनेक पाळ्या म्हणजे अनेक वेळा बाहेर येणे, आणि नेमके तेच घातक होते. कारण नीट न ओळखता केलेली दया कशी उलटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला आठवत नाही. प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना आम्ही ते वर्गात सांगतो.

ब्रुकलिन पुलाचे केसन याच सुमारास ईस्ट नदीत उतरले. आत काम करणारे बहुतेक जण नुकतेच स्थलांतरित झालेले आयरिश, जर्मन, इटालियन मजूर होते. मजुरी दिवसाला दोन डॉलरच्या आसपास सुरू झाली आणि खोलीबरोबर थोडी वाढली. आत उष्मा आणि दमटपणा, कंदिलांचा व मेणबत्त्यांचा धूर, दाबाच्या हवेत आवाज चिरका होऊन जाई. ब्रुकलिन बाजूचा पाया ४४ फुटांवर लागला आणि ते काम तुलनेने निभावले. न्यूयॉर्क बाजूला मात्र खाली खाली जावे लागले. तेथे नेमलेले डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी १८७२ च्या जानेवारीअखेरपासून मेअखेरपर्यंत उपचार करावे लागलेल्या ११० रुग्णांची नोंद केली. एप्रिल-मे महिन्यांत तीन मजूर मरण पावले. या रोगाला 'केसन-व्याधी' हे नाव स्मिथ यांनीच दिले.

स्मिथ यांच्या नोंदी काळजीपूर्वक आहेत आणि बाहेर येण्याचा वेळ वाढवावा हेही त्यांना समजले होते, जरी त्यांनी सुचवलेली मिनिटे आजच्या हिशेबाने फारच थोडी होती. पुन्हा दाबात नेण्याचा उपचारही त्यांनी कागदावर मांडला, प्रत्यक्षात तो झाला नाही. मात्र रोग कोणाला होतो, याचा विचार करताना त्यांची दृष्टी मजुराच्या देहाकडे वळली : तो लठ्ठ आहे का, दारू पितो का, प्रकृतीने दुबळा आहे का, नवखा आहे का. यांतील लठ्ठपणाचा मुद्दा पुढे काही अंशी खरा ठरला, कारण चरबीत नायट्रोजन अधिक मुरतो. पण एअर लॉकमधून घाईने बाहेर सोडण्याची व्यवस्था ही मुख्य गोष्ट असताना ज्याला इजा झाली त्याच्याच शरीरात आणि सवयींत दोष शोधणे, ही विचारपद्धती आमच्या समाजाला फार जुन्या काळापासून परिचित आहे.

मजुरांनी मात्र प्रश्न बरोबर ओळखला होता. मे १८७२ मध्ये त्यांनी काम बंद ठेवून दिवसाला चार तासांच्या कामासाठी तीन डॉलरची मागणी केली. कंपनीने कामावरून काढण्याची धमकी दिली आणि संप काही दिवसांत मोडला. त्याच महिन्यात मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याने ७८ फुटांवर खोदाई थांबवली. पक्का खडक गाठायचा तर आणखी खोल जावे लागले असते आणि आणखी माणसे गेली असती. घट्ट वाळूवरच खांब उभा करण्याचा त्याने निर्णय घेतला. तो खांब आजही वाळूवरच उभा आहे.

रोबलिंग स्वतः वारंवार केसनमध्ये उतरत असे आणि तोही या व्याधीने कायमचा खिळला. पुढची सुमारे अकरा वर्षे तो घराच्या खिडकीतून काम पाहत राहिला. त्याची पत्नी एमिली हिने गणित आणि बांधकामशास्त्र शिकून त्याच्या सूचना रोज कामावर पोहोचवल्या. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. रोबलिंग दांपत्याची कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेच. त्या खिडकीविषयी जितके लिहिले गेले तितके त्या ११० जणांविषयी लिहिले गेले नाही, एवढेच आम्हाला येथे नोंदवायचे आहे.

रोगाचे कारण प्रयोगाने सिद्ध केले फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने. १८७८ च्या आपल्या बृहद्ग्रंथात त्याने दाखवून दिले, की बुडबुडे नायट्रोजनचे असतात आणि दाब सावकाश उतरवला तर ते होत नाहीत. म्हणजे औषध सापडले होते आणि त्याचे नाव होते वेळ. पण मजुराने एअर लॉकमध्ये स्वस्थ बसून घालवलेला वेळ ठेकेदाराच्या वहीत खर्चाच्या बाजूला जातो. थकलेल्या मजुरालाही घरी जाण्याची घाई असते. त्यामुळे ज्ञान आणि आचरण यांमध्ये आणखी कित्येक वर्षे गेली.

यात एक सुखद अपवाद आहे. न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील भुयाराच्या कामावर १८८९ च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर हा ब्रिटिश अभियंता आला. तेथे चाळीस-पन्नास मजुरांत महिन्याला एक मृत्यू होत होता, म्हणजे वर्षाला चौथा हिस्सा. मॉयरने कामाच्या जागी बॉयलरसारखी एक मोठी टाकी बसवली. दुखू लागलेल्या मजुराला तीत ठेवून पुन्हा दाब द्यायचा आणि मग अगदी हळूहळू उतरवायचा. पुढील पंधरा महिन्यांत सुमारे १२० मजुरांपैकी दोघेच मरण पावले. मॉयर वैद्य नव्हता. पोल आणि वातेल यांनी छापलेली गोष्ट लोखंडात उतरवायला पस्तीस वर्षे लागली.

सावकाश म्हणजे नेमके किती सावकाश, याचा हिशेब ब्रिटनमध्ये जे. एस. हाल्डेन याने नौदलाच्या पाणबुड्यांसाठी मांडला. त्याने बोकड-शेळ्यांवर प्रयोग केले. वेदना होणारी शेळी पुढचा पाय उचलून धरते, त्यावरून लक्षण ओळखता येई. एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत सहसा धोका नसतो, त्यापुढे टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे, असा त्याचा नियम होता. १९०८ मध्ये त्याची कोष्टके प्रसिद्ध झाली. दीर्घ मुक्कामासाठी ती अपुरी असल्याचे पुढे आढळून त्यांत सुधारणा झाल्या, तरी आजच्या पाणबुड्यांच्या कोष्टकांचे मूळ तेथेच आहे.

याच काळात न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीखाली रेल्वेची भुयारे खोदली जात होती. तेथील वैद्यकीय अधिकारी कीज यांनी १९०९ मध्ये दिलेल्या अहवालात सुमारे दहा हजार मजुरांत ३,६९२ प्रसंग आणि २० मृत्यू नोंदलेले आहेत. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने दाबाच्या हवेतील कामाचे तास कायद्याने बांधले. तोवर या मजुरांची, ज्यांना तेथे 'सँडहॉग' म्हणतात, संघटनाही उभी राहिली होती. बाबासाहेब १९१३ च्या उन्हाळ्यात कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ मध्ये तेथून लंडनला गेले. त्या वर्षांत त्याच शहराच्या नदीखाली ही माणसे खोदत होती. फेब्रुवारी १९१६ मध्ये अशाच एका भुयाराचे छत फाटले आणि कोंडलेल्या हवेने तीन मजुरांना नदीतळाच्या मातीतून वर पाण्याबाहेर उडवले. त्यांतील एकच वाचला. या योगायोगातून आम्ही काही सिद्ध करू इच्छित नाही. विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कचे चित्र डोळ्यांपुढे आणताना ग्रंथालयाबरोबर हे भुयारही आणावे, एवढेच.

भारताचे काय? कोलकात्याच्या हावडा पुलाचे पाये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात घातले गेले. हावडा बाजूचे काम उघड्या खोदाईने झाले. कोलकाता बाजूला वाळू वाहून येऊ लागल्यामुळे दाबाची हवा वापरावी लागली. तो दाब होता चौरस इंचाला सुमारे ४० पौंड, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या ७८ फुटांवरील दाबाहूनही अधिक, आणि त्यासाठी सुमारे ५०० मजूर लावले होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये युद्धाच्या छायेत, समारंभाशिवाय पूल खुला झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा बाबासाहेबांकडे होते. दाबाच्या हवेतील कामामुळे होणारा आजार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट करण्यात आला होता. ही नोंद किती मोलाची, हे कळण्यासाठी या व्याधीचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. ती काही वेळा वर्षानुवर्षे दबा धरून बसते. हॅम्बुर्गला एल्बे नदीखालील भुयार खोदणाऱ्या मजुरांच्या हाडांत १९११ मध्ये असे आढळले, की खुब्याच्या आणि खांद्याच्या सांध्यातील हाड रक्त न मिळाल्याने आतून मरते आणि पुढे कधीतरी ढासळते. मजूर तेव्हा दुसऱ्याच कामावर असतो. गावी परतलेला असतो. त्याच्या लंगडण्याचा त्या पुलाशी संबंध आहे, हे क्ष-किरण चित्र आणि कायद्याची अनुसूची यांच्याशिवाय कोणीही मान्य करणार नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेली माणसे गुदमरून मरतात, तो दाबाचा परिणाम नव्हे. तेथे विषारी वायू असतो किंवा प्राणवायूच नसतो. उपाय निराळा आहे आणि तो म्हणजे माणसाला आत न उतरवणे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता प्रत्यक्ष उपयोगाचे. आपल्या शाळांच्या सहली मालवण-तारकर्लीला जातात आणि तेथे समुद्रतळ पाहण्यासाठी पाठीवर हवेची नळकांडी लावून बुडी मारण्याची सोय आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी प्रशिक्षकाबरोबर अवश्य जावे. सर्दी असेल तर मात्र उतरू नये, कारण कानाकडे जाणारी नळी बंद असते. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी, कानातला दाब बरोबर होतो. कळ उठली तर जोर न करता थोडे वर यावे. नळकांड्यातील हवा घेत असताना श्वास कधीही रोखू नये. दोन मीटरांहून कमी खोलीवरून श्वास कोंडून वर आले तरी आतील हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. वर येण्याची घाई करू नये आणि त्यानंतर निदान एक दिवस विमानप्रवास टाळावा. बुडीनंतर सांधे दुखू लागले, अंगाला मुंग्या आल्या, पायांतील बळ गेले, लघवी अडली किंवा चक्कर आली तर "थकवा असेल" म्हणून झोपू देऊ नये. पाणी सोडल्यानंतर कित्येक तासांनीही लक्षणे दिसू शकतात. रुग्णाला आडवे ठेवून प्राणवायू द्यावा आणि जेथे दाबाची खोली आहे अशा रुग्णालयाशी संपर्क साधावा. साध्या दवाखान्यात गेल्यास डॉक्टरांना सर्वांत आधी हे सांगावे, की हा माणूस पाण्याखाली होता, इतका खोल, इतका वेळ, आणि इतक्या मिनिटांत वर आला.